कोण-म्हणालं बाई

आमच्या शाळेत बाईंना कोणतीही गोष्ट सांगायला गेलं, की त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "कोण म्हणालं?" उद्या सुट्टी आहे म्हणावं, तर "कोण म्हणालं?" सातवी क मध्ये साप निघाला म्हणावं, तर "कोण म्हणालं?" एकदा शिपाईमामा मुख्याध्यापकांचा निरोप घेऊन आले, तरी सवयीने त्यांच्या तोंडून तेच बाहेर पडलं आणि मग त्या स्वतःच हसत सुटल्या. त्या विचारण्यात संशय नसायचा. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. पण पाचवीतलं पोर पहिल्यांदा ह्या प्रश्नासमोर सापडलं, की गडबडून जायचं, मागे वळून बघायचं आणि पुटपुटायचं, "सगळेच म्हणतायत." त्यावर बाई म्हणायच्या, "सगळे म्हणजे कोण? त्यातल्या एकाचं नाव सांग." नाव सहसा निघायचं नाही. आमच्या कितीतरी आधीच्या मुलांनी त्यांना 'कोण-म्हणालं बाई' हे नाव देऊन ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. शिक्षकदिनाच्या भाषणात एका मुलाच्या तोंडून चुकून तेच नाव गेलं. सगळं सभागृह गार पडलं. पहिली टाळी वाजली ती बाईंची.

बाई शास्त्र शिकवायच्या. शाळा डोंबिवली पूर्वेला आणि त्या राहायच्या पश्चिमेला, एकट्या. फिकट रंगाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. स्टेशनच्या पुलावरून त्या अशा काही झपझप यायच्या, की मागून हाक मारणाऱ्या मुलांना पळत त्यांना गाठावं लागायचं. साडीवर बूट कसे दिसतात, असं एकदा मुलींनी आडून आडून विचारलं. "दिसतात कसे ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या, "चालतात छान."

लॉकडाऊन संपून शाळा पुन्हा भरली, तेव्हा मी नववीत होते. कुणा माजी विद्यार्थ्याने प्रत्येक वर्गाला मोठा टीव्ही भेट दिला होता. त्यावर नेमकं काय शिकवायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, म्हणून शिवणाच्या बाईंनी त्या सगळ्या टीव्हींना फुलाफुलांचे अभ्रे शिवून घातले आणि ते भिंतीवर नवरदेवासारखे नटून बसले. एका ऑफ तासाला बाई आमच्या वर्गात आल्या. त्यांनी अभ्रा काढला, त्याची व्यवस्थित घडी केली आणि विचारलं, "ह्यावर काय बघायला आवडेल तुम्हाला?"

क्रिकेट, पिक्चर, कार्टून असा गलका झाला. त्यात सोहम शेवटच्या बाकावरून ओरडला, "बाई, आपली न्यूज लावू या! आपल्या शाळेची!"

सोहम म्हणजे आमच्या वर्गाचा हिरो. केसांना जेल लावणारा, कुणाचीही नक्कल करणारा. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"करशील?" त्यांनी विचारलं.

"काय बाई?"

"बातम्या. दर शनिवारी सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्या वर्गांत लावू. करशील का सांग."

सोहमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण शब्द तोंडातून गेलेला होता. माझ्याकडे बाबांचा जुना फोन होता आणि त्याचा कॅमेरा बरा होता, म्हणून चित्रीकरण आणि जोडाजोड माझ्याकडे आली. आणखी काही मुलंमुली गोळा झाली. कार्यक्रमाचं नाव ठरलं, 'शनिवारची खबर'.

पहिला भाग आम्ही मोठ्या उत्साहाने केला. सोहमने वडिलांचा कोट घातला होता आणि त्याच्या बाह्या बोटांवर येत होत्या. मी मागे दणदणाटी संगीत लावलं होतं. टीव्हीवर बघतो तसंच आम्ही सगळं केलं होतं. "आठवी ब हादरली! डबाचोराचा धुमाकूळ! शाळेत खळबळ!" बाईंनी तो भाग शेवटपर्यंत शांतपणे पाहिला.

"खळबळ म्हणजे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"बाई, आठवी ब मधल्या एका पोराचा डबा चोरीला गेला."

"कोण म्हणालं?"

"तो स्वतःच म्हणाला बाई!" सोहम छाती पुढे काढून म्हणाला. ह्या वेळी त्याच्याकडे नाव होतं.

"डबा नाहीसा झाला असं म्हणाला की चोरीला गेला असं?"

सोहम आठवीच्या वर्गात जाऊन आला. येताना त्याची छाती जागेवर आली होती. डबा सापडला होता. मुलाची आई तो ओट्यावरच विसरली होती आणि दुपारी तिने तो शाळेत आणून दिला होता. "म्हणजे चोर कोण, आई?" बाई म्हणाल्या आणि आम्ही सगळेच खो-खो हसलो. तो भाग दाखवला गेला नाही. पण बाई आमच्यावर रागावल्याही नाहीत. "कोट मात्र चांगला आहे," त्या सोहमला म्हणाल्या. "बाह्या दुमडून घे."

कार्यक्रम मुलांचा म्हणजे मुलांचाच, हा बाईंचा हट्ट होता. आम्ही काम करत असताना त्या हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. कितीदा तरी मी चित्रीकरण चुकीच्या जागी कापत असताना त्यांची बोटं मागे चुळबुळताना मला दिसली आहेत, पण फोनला त्यांनी कधी हात लावला नाही. "मी हात लावला, की तो माझा कार्यक्रम होईल," त्या म्हणायच्या. "आणि माझा कार्यक्रम कोण बघणार? रोज तास घेते तेवढा पुरे आहे पोरांना."

सुरुवातीचे भाग आता पाहिले, तर लाज वाटते आणि मायाही वाटते. सोहमची पाठ खिडकीकडे असायची, त्यामुळे त्याचा चेहरा काळा आणि मागचं आभाळ पांढरंफटक. पंख्याची घरघर, बाहेर रिक्षांचे हॉर्न, वर्गात घुमणारा आवाज. बाई उपाय सांगत नसत. "सोहम ह्यात कुठे आहे?" असं पडद्याकडे बघून विचारत आणि निघून जात. मग आम्ही डोकं खाजवत बसायचो. खिडकीकडे तोंड करायचं, हे आम्हाला असंच सुचलं. आवाजाचा शोध तर कबड्डीमुळे लागला. खेळाच्या सामानाच्या खोलीत आम्ही संघाच्या कर्णधाराशी बोललो आणि घरी येऊन ऐकलं, तर आवाज कसा स्वच्छ! त्या खोलीत उड्या मारायच्या जाडजूड गाद्या भिंतीला लावून उभ्या असायच्या. त्या दिवसापासून ती खोली आमचा स्टुडिओ झाली. घामाचा आणि रबराचा वास यायचा, उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा, कारण पंखा बंद ठेवावा लागायचा. बाई तिथे घाम पुसत उभ्या राहायच्या. "बातमीला घामाचा वास हवाच," असं एकदा म्हणाल्या, आणि लगेच, "पण फार वेळ नको," असंही म्हणाल्या.

बातमी लिहून झाली, की ती 'पाचवीला दाखवायची' हा बाईंचा दुसरा नियम. म्हणजे मधल्या सुट्टीत पाचवीतलं कुठलंही एक पोर पकडायचं, त्याला बातमी वाचून दाखवायची आणि मग त्याने ती आपल्या शब्दांत सांगायची. त्याला सांगता आली नाही, तर बातमी पुन्हा लिहायची. 'स्नेहसंमेलनाचे औचित्य साधून' हे शब्द त्या परीक्षेत पहिल्याच फटक्यात गेले. "ते औचित्य काय आहे ताई? खायचं असतं?" एका मुलाने मला गंभीरपणे विचारलं होतं. सोहम मोठमोठ्या शब्दांच्या फार प्रेमात. एकदा तो वैतागला. "बाई, ही पाचवीची पोरं एकदम ढ आहेत."

"नाहीत," बाई म्हणाल्या. "कळलं नाही तर नाही म्हणायला ती लाजत नाहीत. आपण मोठे लाजतो."

आणि तिसरा नियम, ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याच्याशी आधी बोलायचं. ह्या नियमाची ताकद आम्हाला कडीच्या बातमीने कळली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. एक मैत्रीण आत जायची आणि दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात बातमी आहे, असं आम्हा मुलींनाही कधी वाटलं नव्हतं. एका सहावीतल्या मुलीने ती सुचवली. बाई म्हणाल्या, "मुख्याध्यापकांना विचारलं का?" आम्हाला घाम फुटला. शेवटी त्या सहावीतल्या मुलीलाच आम्ही पुढे केलं. मुख्याध्यापक सर टाय सरळ करून कॅमेऱ्यासमोर बसले. तिने लिहून दिलेले प्रश्न विचारले. सर म्हणाले, की प्रस्ताव विचाराधीन आहे. तिला विचाराधीन म्हणजे काय ते कळलं नाही. तिने मान वर करून विचारलं, "सर, तुमच्या टॉयलेटला कडी आहे का?"

सरांनी टाय पुन्हा एकदा सरळ केला. मग म्हणाले, "आहे, बाळा." आणि मला म्हणाले, "हे राहू दे. काढू नकोस." त्याच आठवड्यात सुतार आला. सरांचा मोठेपणाही त्यात होता, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी फक्त बाईंकडे बघत होते. त्या दाराबाहेर हात मागे बांधून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

अशा बाईंच्या हातून एकदा चूक झाली. आमच्या सगळ्यांच्याच हातून झाली, पण त्यांनी ती आपलीच मानली.

मी दहावीत होते. एका गुरुवारी सातवीतल्या काही मुलांना उलट्या सुरू झाल्या. पालक आले, रिक्षा आल्या, शाळेभर धावपळ झाली. सुदैवाने दोन-तीन दिवसांत सगळी मुलं बरी झाली. पण त्या दुपारी शाळेत एकच वाक्य फिरत होतं, कँटीनचे वडे बाधले. कँटीन सावंत काकू चालवायच्या. मूळच्या सिंधुदुर्गातल्या. त्यांच्या वड्यांवर शाळेच्या कितीतरी पिढ्या पोसल्या गेल्या होत्या. सोहमने बातमी लिहिली, "कँटीनमधले वडे खाल्ल्याने सातवीतील विद्यार्थी आजारी." बाई त्या दिवशी शाळेत नव्हत्या. त्यांची आई ठाण्याला वर्तकनगरला राहायची. ती पडली होती आणि खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात होती. तो सगळा आठवडा बाई डोंबिवली-ठाणे चकरा मारत होत्या. आम्ही बातमी त्यांना फोनवर पाठवली. त्या बसमध्ये होत्या, शीळफाट्याच्या खोळंब्यात अडकलेल्या. त्यांचं उत्तर आलं, "ठीक आहे. टाका."

शनिवारी बातमी सगळ्या वर्गांत लागली. सोमवारी सावंत काकूंचं कँटीन बंद झालं. पालकांनीच तशी मागणी केली होती आणि पुरावा म्हणून आमचीच बातमी मोबाइलवर दाखवली होती.

बाई मंगळवारी शाळेत आल्या. कँटीनच्या खिडकीला कुलूप पाहून त्या थबकल्या. आम्हाला बोलावलं. "त्या मुलांशी कोण बोललं?" त्यांनी विचारलं. कुणीच बोललं नव्हतं. बाई सातवीच्या वर्गात गेल्या आणि मधल्या सुट्टीत एकेका मुलाला बाजूला घेऊन बोलल्या. आजारी पडलेल्यांपैकी निम्म्यांनी त्या दिवशी वडा खाल्लाच नव्हता. घरचा डबा होता त्यांच्याकडे. आणि वडे खाऊन धडधाकट राहिलेली मुलं तर शाळाभर होती.

पण सातवीतून आणखी एक गोष्ट कळली. त्या दिवशी अनन्या नावाच्या मुलीचा वाढदिवस होता. तिने क्रीमचा केक आणला होता आणि तो सकाळपासून वर्गात उन्हात राहिला होता. आजारी पडलेल्या सगळ्यांनी तो खाल्ला होता.

"बाई, म्हणजे केकच!" सोहम उठून उभा राहिला. "आपण उद्याच्या उद्या टाकू. वडे नाही, केक. काकू सुटतील. मॅटर क्लोज."

मलाही तेच वाटलं. किती सोपं होतं ते. काकू निर्दोष आहेत हे लोकांना पटायला दुसरं काहीतरी कारण द्यायला नको का?

"केक होता, असं कोण म्हणालं?" बाईंनी विचारलं. आवाज नेहमीसारखा नव्हता. "डॉक्टर म्हणाले? कुणी तपासला तो केक?"

"पण बाई, सगळ्यांनी खाल्लेला..."

"सगळ्यांनी शाळेचं पाणीही प्यायलं होतं. सोहम, आपण अंदाजाने एका बाईचं काम घालवलं. आता अंदाजानेच एका बारा वर्षांच्या मुलीचा वाढदिवस घालवायचा?"

सोहम खाली बसला. मी अनन्याला ओळखत होते. वर्गात सगळ्यात बुटकी, पहिल्या बाकावर बसणारी. तिच्या वर्गात कुजबुज सुरू झालीच होती आणि ती दोन दिवस डबा न उघडता बसत होती, हे आम्हाला नंतर समजलं. बाईंना ते त्याच दिवशी दिसलं होतं. पुढचे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत त्या सातवीच्या वर्गात, अनन्याच्या बाकावर तिच्याशेजारी बसून आपला डबा खायच्या. का, ते कुणालाच सांगितलं नाही. हळूहळू बाकीच्या मुली तिथे येऊन बसू लागल्या आणि मग बाई पुन्हा शिक्षकखोलीत जेवू लागल्या.

काकूंकडे मात्र आम्हाला घेऊन गेल्या. चाळीतलं छोटं घर होतं. काकूंनी दार उघडलं आणि आम्हाला पाहून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"सावंत काकू, आमची चूक झाली आहे," बाई म्हणाल्या. "शनिवारी सगळ्यांसमोर तसं सांगणार आहोत. त्याआधी तुम्हाला सांगायला आलो."

"माका काय सांगू नकात," काकू म्हणाल्या. रागावल्या की त्यांची गावची बोली बाहेर यायची. "तुमच्या त्या टीव्हीने माझं नाव घेतलं. मार्केटात बायका विचारतात, काय गो, पोरांना काय घातलंस? काय सांगू मी त्यांना?"

"तुम्हाला कॅमेऱ्यासमोर काही बोलायचं असेल तर..." त्या म्हणू लागल्या.

"मी कशाला बोलू? मी काय केलंय?" आणि काकूंनी दार लावून घेतलं. जोरात नाही. सावकाश लावलं, ते जास्त लागलं.

शाळेत मुख्याध्यापकांनी बाईंना समजावलं, की पडद्यावर खाली एक ओळ टाका, पुरे. शाळेचं नाव खराब होईल, पालक भडकतील. बाईंच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, हेही त्यांनी हलकेच सुचवलं. मी तेव्हा उपस्थितीचा तक्ता द्यायला आत गेले होते, म्हणून ऐकलं. बाई म्हणाल्या, "सर, चुकीची बातमी आम्ही मोठ्याने सांगितली. बरोबर गोष्ट हळू कशी सांगू?" सर कपाळाला हात लावून बसले. पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

शुक्रवारी गाद्यांच्या खोलीत आम्ही जमलो. सोहम कोट न घालता आला होता. "बाई, मी वाचलेली ती बातमी. मीच सांगतो," तो म्हणाला.

"तू लिहिलीस. मी पाहिली आणि टाका म्हणाले," बाई म्हणाल्या. "ज्याने टाका म्हटलं, त्याने बोलायचं असतं. तू पाण्याची बाटली धर."

आणि बाई पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसल्या. एरवी पाठीमागे बांधलेले हात आता कुठे ठेवायचे हे त्यांना कळेना. मी फोन सुरू केला. बाई बोलू लागल्या:

"मुलांनो, मागच्या शनिवारी आम्ही तुम्हाला सांगितलं, की कँटीनच्या वड्यांमुळे मुलं आजारी पडली. ते सांगायला आमच्याकडे काहीही आधार नव्हता. आजारी मुलांना आम्ही विचारलं नाही. सावंत काकूंनाही विचारलं नाही. मुलं कशाने आजारी पडली, हे आम्हाला माहीत नाही. आजही माहीत नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही असं म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही. बातमी मी पाहिली होती. चूक माझी आहे. सावंत काकू, तुमची मी सगळ्यांच्या दे... सगळ्यांच्या देखत क्षमा मागते."

मी फोन थांबवला. "बाई, शेवटी अडखळलात. पुन्हा घेऊ?"

"नको," त्या म्हणाल्या. "अडखळले ते राहू दे."

शनिवारी ते सगळ्या वर्गांत लागलं. एखाद्या मोठ्या माणसाने, त्यातही शिक्षकाने, 'चूक माझी' म्हणताना आमच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. पुढचे काही दिवस बाईंना सोपे गेले नाहीत. काही पालक येऊन बोलून गेले. शिक्षकखोलीत दोघातिघांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. 'एवढं नाटक करायची गरज काय होती', असं कुणी म्हणालं. बाई तास घेत राहिल्या, पुलावरून झपझप येत राहिल्या. शाळा समितीने मात्र आपली चूक मानून काकूंना परत बोलावलं.

काकूंनी निरोप पाठवला, "येईन. पण पहिला घाणा त्या बातमीवाल्यांनी खायचा. पटांगणात. सगळ्यांसमोर."

आम्ही रांगेत उभे राहिलो. पटांगणाच्या चारही बाजूंनी शाळा जमली होती. काकूंनी कढईतून वडे काढले, पावात घातले आणि पहिला बाईंच्या हातात दिला. बाईंना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. त्यांनी तो वडा खाल्ला, मग दुसरा मागून घेतला, आणि तिसऱ्याला हात पुढे केला, तेव्हा काकू म्हणाल्या, "पुरे बाई, बाधेल." मग स्वतःच काय बोललो हे लक्षात येऊन काकूंना हसू फुटलं, बाईंना फुटलं आणि सगळं पटांगण हसू लागलं. मी फोन काढत होते, तर बाई म्हणाल्या, "ठेव तो. खा आधी."

त्यानंतर 'शनिवारची खबर' बदलली. सुरुवातच 'मागच्या वेळी आमचं काय चुकलं' ह्याने होऊ लागली. आमची कल्पना अशी, की हा भाग कंटाळवाणा होईल. झालं उलटंच. पोरं तोच भाग कान टवकारून ऐकायची आणि आठवडाभर आमच्या चुका शोधत फिरायची. "ताई, तुम्ही खो-खोचा निकाल उलटा सांगितला!" "दादा, ते झाड बदाम नाही, जांभूळ आहे!" पाचवीची पोरं तर आमच्यावर टपूनच असायची. आम्ही चिडायचो. बाई मात्र खूश. "बघा," त्या म्हणायच्या, "आता सगळी शाळा बातमीदार झाली."

मी दहावी होऊन बाहेर पडले. कार्यक्रम पुढच्या मुलांच्या हाती गेला. आमच्यापैकी कुणी पत्रकार झालं नाही. सोहम मोठ्या गाड्यांच्या शोरूममध्ये लागला आहे आणि गिऱ्हाइकाला गाडीचा दोष आधी सांगतो म्हणून त्याचे साहेब वैतागतात. मी प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचा कोर्स करते आहे.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. आईला आता एकटीला ठेवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी डोंबिवलीची खोली सोडून वर्तकनगरला जायचं ठरवलं. मोठं सामान टेम्पोने पुढे गेलं होतं. उरलेल्या दोन पिशव्या आणि तुळशीची कुंडी घेऊन मी त्यांच्याबरोबर बसने निघाले. कुंडी त्यांच्या मांडीवर होती. शीळफाट्याला बस नेहमीसारखी अडकली. मला बरंच काही बोलायचं होतं. तुमच्यामुळे असं झालं, तुमच्यामुळे तसं झालं. पण बाईंनी त्याची संधीच दिली नाही. रक्त तपासताना नमुन्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आम्ही काय करतो, हे त्या मला खोदून खोदून विचारत होत्या आणि मी सांगत होते. मध्येच म्हणाल्या, "हे फार छान आहे गं." शाळेत असताना मला हे कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

वर्तकनगरच्या त्या जुन्या वसाहतीत आम्ही पोचलो, तेव्हा ऊन कलत होतं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, वॉकरला धरून एक अगदी लहानखुऱ्या आजी उभ्या होत्या. आम्हाला पाहताच त्यांनी वरून हाक मारली, "बेबी! किती उशीर गं! चहा दोनदा गरम केला!"

मी इकडेतिकडे पाहिलं. बेबी कोण ते मला क्षणभर कळलंच नाही.

"आले गं आई, आले!" बाई म्हणाल्या आणि कुंडी सावरत जिन्याकडे जवळजवळ धावल्याच. साठीला टेकलेल्या माझ्या बाई, शाळा सुटल्यावर घरी पळणाऱ्या मुलीसारख्या. मी पिशव्या घेऊन जिन्याखालीच घुटमळले. आता आपण निघावं, असं मला वाटत होतं. वरून आजींचा आवाज आला, "खाली कोण उभी आहे गं? तुझी विद्यार्थिनी का?"

बाई जिन्याच्या मधल्या वळणावर थांबल्या. खाली वाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही आई," त्या म्हणाल्या. "आम्ही बरोबर काम करायचो." आणि मला म्हणाल्या, "ये ना गौरी वर. चहा निवतोय."